लाकडी राजाच्या तीन आज्ञा

एका राज्यात, जिथे वारा कधी थांबत नसे आणि माणसं कधी नाही म्हणत नसत, उदयसेन नावाचा एक राजा होता आणि तो लाकडाचा होता. जन्मला तेव्हा तुमच्याआमच्यासारखाच हाडामांसाचा होता. रांगला, पडला, दुधाचे दात पाडून घेतले. लाकडाचा तो मागाहून झाला. कसा झाला, ते ऐका.

त्या राज्याची एक जुनी रीत होती. राजाने सज्जात उभं राहून आज्ञा द्यायची आणि खाली चौकात जमलेल्या लोकांनी "जी" म्हणायचं. जी आला की आज्ञा खरी झाली. जी आला नाही, तर राजाच्या शब्दाला कवडीची किंमत नाही. एका बैठकीला आज्ञा तीनच, न उणी न अधिक. ही रीत घालणारे पूर्वज शहाणे होते, राजाच्या तोंडाला त्यांनी लोकांचा लगाम बांधून ठेवला होता. पण पुढे राजे भले निघाले आणि भल्या राजांनी लोकांची सवय बिघडवली. विचार करायची कुणाला गरजच पडेना. होता होता अशी वेळ आली की राजाचं वाक्य अर्धं झालं की जी. राजा शिंकला तरी जी. आया पाळण्यातल्या पोराला पहिला शब्द शिकवीत, तोही जी. आता बोला.

डोंगरापलीकडे एक सम्राट होता. त्याला या राज्यातली खिंड हवी होती, खिंडीतली वाट हवी होती, आणि लढाईचा मात्र मोठा कंटाळा होता. इकडे म्हातारा राजा वारला. उदयसेन मिसरूड फुटायच्या वयात गादीवर बसला. सम्राटाने सांत्वन म्हणून एक प्रधान धाडून दिला. त्याचं नाव मायकंठ. माणूस उंच, बोटं वेताच्या काठ्यांसारखी लांब, आणि नाकाखाली सदा एक रेशमी फडकं बांधलेलं. त्याने सज्जाच्या मागे पडदा लावून घेतला आणि पडद्यामागे बसू लागला.

लोकांचा जी खालून वर आला की मायकंठ तो बोटांवर गुंडाळी. आवाजाची दोरी वळली जाई. ती दोरी राजाच्या अंगाला जाऊन चिकटे, आणि मग मायकंठ बोट हलवील तसा राजा हले, मायकंठाच्या मनात येईल ते राजा बोले. खिंड उघडा, अशी आज्ञा झाली. लोक म्हणाले जी, आणि राजाचा उजवा हात लाकडाचा झाला. धडधाकट पुरुष सम्राटाच्या खाणींवर पाठवा, अशी आज्ञा झाली. लोक म्हणाले जी, आणि राजाचे दोन्ही पाय गेले. गावोगावच्या विहिरींवर सम्राटाचे पहारे बसवा. पुन्हा जी. म्हणजे बघा, स्वतःच्या विहिरीला कुलूप घालायला लोक स्वतःच होकार देत होते आणि घरी जाऊन कपाळ बडवून घेत होते. वाईट वाटतं खरं, पण संतापही येतो.

राजाला एक थोरली बहीण होती, वसुमती. आईबाप नाहीत, तेव्हा उदयसेनाला तिनेच वाढवलेला. तिला महालात कोंडलं नव्हतं आणि तिला कुणी विचारतही नव्हतं. दर सोमवारी तेवढं भावाच्या सांध्यांना तेल घालायला तिला आत सोडत, कारण तेल नसलं की राजा दरबारात करकरत असे आणि ते मायकंठाला खपत नसे. वसुमती वाटीत करडईचं तेल घेऊन जाई. कोपर, गुडघे, मानेचा सांधा. मग पहारेकऱ्याची नजर चुकवून ती भावाच्या छातीवर डाव्या अंगाला हात ठेवी. तिथे अजून ऊब होती. पहिल्या वर्षी ती तळहाताएवढी होती. मग आवळ्याएवढी राहिली. या सोमवारी तिने हात ठेवला, तर ऊब सुपारीएवढी उरली होती. ती विझली की उदयसेन कायमचा लाकूड, हे वसुमतीला कुणी सांगायची गरज नव्हती. त्या दिवसापासून तिचा पाय एका जागी ठरेना. बसली की उठे, उठली की चाले, ताटावर बसली की घास हातातच राही.

अशात एका सकाळी गोदा कासारीण बांगड्या भरायला महालात आली. शहरातल्या झाडून सगळ्या घरांत जिला मोकळं आत येता येतं, अशी ही एकच बाई. तिचा नवरा सटवाजी खाणीवर गेलेल्यांपैकी होता. गेल्यापासून त्याची खबर नव्हती.

"हात ढिला सोडा, बाईसाहेब," गोदा म्हणाली. "मूठ वळलीत तर बांगडी फुटेल."

"शहरात काय चाललंय, गोदाबाई?"

गोदाने दाराकडे पाहिलं. बांगडी चढवता चढवता ती खालच्या आवाजात बोलली. "येत्या जत्रेला दरबार भरेल. लोक कांबळ्याखाली पलिते लपवून आणणार आहेत. लाकूडराजा चांगला वाळलेला आहे. पेटायला वेळ लागणार नाही."

वसुमतीने हात मागे ओढला. "हे मला का सांगता?"

"त्या दिवशी तुम्ही सज्जाजवळ नसावं म्हणून. तुमचं आमचं वैर नाही."

"तो माझा भाऊ आहे."

"आणि खाणीवर गेला तो माझा नवरा होता," गोदा म्हणाली. "की आहे, तेही मला धड माहीत नाही." तिने उरलेल्या बांगड्या टोपलीत ठेवल्या आणि ती निघून गेली.

एकीकडे ऊब विझत चाललेली, दुसरीकडे पलिते तयार. वसुमती महालाच्या मागच्या खडकाळ माळावर जाऊन येरझारा घालू लागली. वारा पदराला झोंबत होता, ऊन चढलं होतं, तिला कशाचीच शुद्ध नव्हती.

"नाही, नाही, तिथे पाय नको," कुणीतरी म्हणालं. "तिथे माझी अंडी आहेत."

वसुमतीने खाली पाहिलं. खड्यांमध्ये खड्यांसारखीच अंडी होती आणि शेजारी काटकुळ्या पायांवर एक टिटवी उभी होती. त्या राज्यात पाखरं बोलत, त्यात कुणाला नवल वाटत नसे. पण टिटवीशी कुणी बोलायला जात नसे, कारण तिचं प्रत्येक बोलणं नाहीपासून सुरू होई आणि लोकांना तो शब्द अशुभ वाटे.

"चुकले," वसुमती म्हणाली. "माझं लक्ष नव्हतं. मी भावाचा विचार करत होते."

"नाही. विचार करत नव्हतीस, रडत होतीस."

"मग काय करू? तो लाकूड होतो की जळतो, एवढंच बघत बसू?"

"नाही. दोऱ्या तोडता येतात."

"कशाने? तलवारीने?"

"नाही. जीने वळलेली दोरी तलवारीने तुटत नसते. एका बैठकीत तीन आज्ञा होतात. त्या तिन्ही आज्ञांना चौकातून एकही जी मिळाला नाही, तर झाडून सगळ्या दोऱ्या तुटतील. पण एक जरी जी आला, तरी त्याची दोरी तुझ्या भावाला पुरतं घेऊन जाईल. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेव. राजाच्या रक्ताच्या माणसाला दिलेला जी हा राजालाच दिलेला जी."

शेवटचं वाक्य टिटवी एकटीच बोलली. वसुमती केव्हाच शहराच्या वाटेने धावत सुटली होती.

कासार आळीच्या मागे एक कोरडं तळं होतं. पलित्यांची बोलणी तिथेच चालत. वसुमती थेट तिथे जाऊन उभी राहिली. धापा टाकत तिने टिटवीचं सांगणं लोकांना सांगितलं. तेली होते, विणकर होते, कुंभार होते, खाणीवर गेलेल्यांच्या बायका होत्या. सगळ्यांनी नीट ऐकलं. माना डोलावल्या. जाळायचं तर मागाहूनही जाळता येईल, आधी दोऱ्या तुटतात का पाहू, असं म्हातारेही म्हणाले. वसुमतीचा जीव भांड्यात पडला.

"तर मग ठरलं," ती म्हणाली. "दरबारात कुणीही जी म्हणायचं नाही."

"जी," सगळे एका सुरात म्हणाले.

घ्या.

वसुमतीला वाटलं, चुकून झालं असेल. "अहो, हेच तर म्हणायचं नाही."

"जी."

"कृपा करून गप्प राहा."

"जी," लोक म्हणाले आणि ओशाळून एकमेकांकडे पाहू लागले. एक विणकर तर स्वतःच्याच तोंडात चापट मारून घेत होता. पिढ्यांची सवय, ती काय अशी पदर झटकल्यासारखी जाते?

तेवढ्यात डोक्यावर टिटवी ओरडत आली. "नाही, नाही, नाही. पुरतं ऐकून न घेता पळालीस. तू राजाच्या रक्ताची आहेस. तुला मिळालेला जी मायकंठाच्या बोटांवर जातो. हे तीनही गेले."

वसुमतीने पुढचं ऐकलं नाही. ती आली तशी महालात धावली. तेलाची वाटी विसरले, असा बहाणा करून आत गेली आणि भावाच्या छातीवर हात ठेवला. आधी तिला काहीच लागलं नाही. तिने बोटांनी चाचपलं, कान लावला, पुन्हा चाचपलं. तेव्हा कुठे गुंजेएवढी ऊब तिच्या तर्जनीच्या टोकाला लागली. ज्याला वाचवायला गेली त्याचंच उरलंसुरलं तिने आपल्या हाताने खर्ची घातलं होतं. तिला स्वतःची एवढी चीड आली की तिथेच भिंतीवर डोकं आपटावं. पण पहारेकरी पाहत होता. तिने वाटी उचलली आणि बाहेर आली.

बाहेर गोदा टोपली घेऊन उभी होती.

"आता तुम्ही तोंड उघडायचं नाही," गोदा म्हणाली. "मी सांगेन लोकांना. मी राजाची कुणी लागत नाही, मला दिलेला जी कुठे जात नाही."

वसुमतीने मान हलवली.

"आणि एक सांगून ठेवते. तुमच्या भावासाठी मी हे करत नाही. दोऱ्या तुटल्या आणि तरीही तो तसाच निघाला, तर माझा पलिता माझ्याजवळ असेल."

वसुमतीने पुन्हा मान हलवली. दुसरं करणार काय?

गोदा घरोघर फिरली. बांगडी भरताना बाईचा हात आपल्या हातात असतो, जवळ बसावं लागतं, हळू बोललेलं तिसऱ्याला ऐकू जात नाही. प्रत्येक बाईला तिने एकच गोष्ट सांगितली. सवयीवर भरवसा ठेवू नका. दरबाराला येताना तोंडात पाण्याची चूळ भरून या, घरातल्या सगळ्यांना भरायला लावा, आणि बैठक मोडेपर्यंत गिळू नका. तोंड भरलेलं असलं की जी येणार कुठून?

जत्रेचा दिवस उजाडला. वारा सुटलेला, धूळ उडतेय, चौकात पाय ठेवायला जागा नाही. सगळे गाल फुगवून उभे. सम्राटाच्या शिपायांना वाटलं, या लोकांना गालगुंडांची साथ आली आहे, म्हणून ते जरा लांबच राहिले. वसुमती सज्जात गेली नाही. ती खाली, गोदाच्या शेजारी, तोंडात चूळ धरून उभी राहिली. गोदाच्या कांबळ्याखालून तेलाचा वास येत होता.

सज्जात राजा आला. एकेक पाय उचलून ठेवत, मान डावीउजवीकडे झटकत. जबडा खटकन उघडला आणि आवाज आला.

"पहिली आज्ञा. चौकाचे चारही दरवाजे बंद करा. आत जे कुणी आहेत, ते सगळे आजच खाणीकडे चालू लागतील."

सवयीने हजारो ओठ हलले. पण तोंडात पाणी. नुसता गुळगुळ असा आवाज झाला आणि थांबला. आज्ञा जराशी हवेत राहिली, मग सज्जावरून खाली आली आणि फरशीवर मातीच्या ढेकळासारखी फुटली. दरवाजे लावायला निघालेले शिपाई जागच्या जागी थबकले, त्यांचे हात कवाडांपर्यंत पोचेनात.

लोक त्या ढेकळाकडे पाहत राहिले. आज्ञा फुटते, हे कुणी कधी पाहिलंच नव्हतं. पुढे उभ्या असलेल्या एका जाड्या तेल्याला हसू आवरेना. त्याने दाबलं, दाबलं, आणि शेवटी नाकातोंडातून पाण्याची चिळकांडी उडाली ती नेमकी समोरच्या शिपायाच्या मिशांवर. झालं. शेजारचा हसला, त्याच्या मागचा हसला, बाया हसल्या, म्हातारे ठसका लागून हसले. कैक वर्षांत त्या चौकात कुणी हसलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, फरशी ओली झाली. आणि हसून झाल्यावर सगळ्यांच्या एकदमच ध्यानात आलं की कुणाच्याच तोंडात चूळ उरलेली नाही. विहिरींवर तर पहारे.

पडद्यामागे मायकंठाने बोटं पुन्हा जुळवली. मग राजाचा जबडा पुन्हा उघडला आणि या वेळी आवाज साखरेत घोळलेला होता.

"दुसरी आज्ञा. माझ्या प्रजेला तहान लागली आहे. विहिरींवरचे पहारे आत्ताच्या आत्ता उठवा. आजपासून पाणी मोकळं."

आता याला नाही कसं म्हणायचं सांगा? घसे कोरडे, ऊन माथ्यावर, आणि ज्याच्यासाठी इतकी वर्षं तळमळले ते राजा आपल्या तोंडाने देतोय. पुढच्या रांगेतली एक म्हातारी, बिचारी भोळी, हात जोडून पुढे सरली आणि तिचे ओठ उघडलेच. मागून तिच्या सुनेने झडप घालून तिच्या तोंडावर हात दाबला. त्या राज्यात सुनेने सासूच्या तोंडाला हात लावल्याची ही पहिलीच वेळ असावी. ते पाहून जो तो शेजाऱ्याच्या तोंडावर हात धरू लागला. स्वतःवर भरवसा कुणाचाच नव्हता, शेजाऱ्यावर तर त्याहून नव्हता, आणि तेच कामाला आलं. वसुमतीच्या तोंडावर गोदाचा हात होता, गोदाच्या तोंडावर वसुमतीचा. दुसरी आज्ञा घसरत खाली आली आणि पहिलीच्या शेजारी फुटली.

आता एकच राहिली होती. वारा वाढला. सज्जातला पडदा फडफडू लागला आणि त्यामागून दहा बोटं भराभर हलताना दिसली.

राजा सज्जाच्या कठड्यापर्यंत आला. दोन्ही हात वर गेले.

"तिसरी आणि शेवटची आज्ञा," त्याचं तोंड बोललं. "तुमचा राजा तुमचा अपराधी आहे. त्याने तुमचे पुरुष नेले, तुमचं पाणी नेलं. या लाकडी राजाला चौकात आणा आणि जाळून टाका."

मग एकेकाचा हात शेजाऱ्याच्या तोंडावरून खाली आला. कांबळी बाजूला झाली, पलिते बाहेर आले. लोक ज्यासाठी घरून निघाले होते, तेच आता आज्ञा म्हणून वरून आलं होतं. मायकंठ लुच्चा खराच. राजा जळाला तर जळू दे, जी मिळाल्याशी मतलब. नवी दोरी हातात आली की नवा राजा बांधायला त्याला कितीसा वेळ?

वसुमतीला ओरडून सांगायचं होतं. पण तिने तोंड उघडलं आणि लोकांनी सवयीने जी दिला, तर तोच शेवटचा. तिने दातांनी ओठ दाबून धरला, रक्त आलं तरी सोडला नाही. ती गोदाकडे पाहत राहिली. सगळा चौकच गोदाकडे पाहत होता, कारण पलित्यांची पहिली गोष्ट तिनेच काढली होती, आणि ती म्हणेल ते बाकीचे म्हणणार होते.

गोदाने पलिता बाहेर काढला होता. ती राजाच्या तोंडाकडे बघेना, त्याच्यामागे हलणाऱ्या पडद्याकडे बघत राहिली. ओठ उघडले.

"नाही," ती म्हणाली.

कुणाला आपले कान खरे वाटेनात. गोदाला स्वतःलाही वाटले नसावेत, कारण तिने तो शब्द पुन्हा, जरा मोठ्याने म्हणून पाहिला. "नाही. माझा राग माझा आहे. पडद्यामागून कुणी सांगावं आणि मी तो बाहेर काढावा, असा तो स्वस्त नाही."

तिने पलिता खाली टाकला. जाड्या तेल्याने टाकला. मग त्या सुनेने, मग विणकरांनी. म्हाताऱ्या सासूने दोन्ही हात तोंडाभोवती धरून पुरत्या ताकदीने नाही म्हटलं आणि आपल्याच आवाजाने दचकली. नाही, नाही, असं करत तो शब्द चौकाच्या चारही दरवाजांपर्यंत गेला. लोकांना तो म्हणता येत होता याचं लोकांनाच अप्रूप.

तिसरी आज्ञा खाली येऊन फुटली, आणि दोऱ्या तुटल्या. तटातट तुटल्या. इतक्या वर्षांचे जी सुटे होऊन हवेत आले, आणि ज्याचा त्याचा आवाज ज्याच्या त्याच्या घशात परत गेला, म्हणून कितीतरी जणांना खोकला आला. पडदा फाटून पडला. मागे मायकंठ उभा होता. वाऱ्याने त्याच्या तोंडावरचं फडकं उडवून नेलं तर खाली तोंडच नव्हतं, नाकापासून हनुवटीपर्यंत सगळं सपाट. दुसऱ्याच्या तोंडाने बोलता बोलता त्याचं स्वतःचं बुजून गेलं होतं. हुकूम सोडायला आता तोंड कुठे? त्याने नुसती बोटं हलवली आणि ती रिकामीच हलली. तिकडे खिंड आपोआप मिटू लागली, कारण ती उघडणारा जी आता उरला नव्हता. ते पाहून सम्राटाचे शिपाई भाले टाकून पळत सुटले, खिंड मिटायच्या आत पलीकडे पोचायला हवं म्हणून. मायकंठ त्यांच्या मागे धावला. विहिरींवरची कुलपं गळून पडली आणि दूरच्या खाणींमध्ये बेड्या उघडल्या.

वसुमती हे काही पाहत नव्हती. ती जिना चढत होती. वर उदयसेन फरशीवर पालथा पडलेला होता. तिने त्याला उताणा केला. पापण्या मिटल्या होत्या, हात खडबडीत होते, गाल थंड होते, आणि लाकूड गेलं की नाही ते तिला कळेना. ती छातीवर हात ठेवणार, तोच त्याने डोळे उघडले, तिला बाजूला सारलं आणि उठून कठड्याशी गेला.

"अक्का," तो मागे न बघता म्हणाला. आवाज चिरका होता, पण त्याचाच. "मला आतून सगळं ऐकू येत होतं. रोज. एकेक जी." मग तो चौकाकडे वळला. "तुम्ही लोकांनी मला लाकूड केलंत. त्या तीन आज्ञा माझ्या नव्हत्या. ही माझी आहे. ज्याने ज्याने जी म्हटला, त्या प्रत्येकाने खाणीत जावं आणि मी भोगलं तितकं भोगावं."

खाली माना झुकल्या. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि ते लोकांना माहीत होतं. शरमेने का होईना, पुढच्या रांगेतले ओठ पुन्हा जुन्या वळणावर जाऊ लागले. म्हातारी हात जोडू लागली.

"नाही," वसुमती म्हणाली.

उदयसेन गर्रकन वळला. "तू माझी बहीण आहेस."

"म्हणूनच."

"मी काय सोसलं ते तू हाताने चाचपून पाहिलंयस. आणि तू मला नाही म्हणतेस?"

"नाही म्हणते, महाराज. पुन्हा विचारलंत तर पुन्हा म्हणेन."

त्याचा चेहरा लाल झाला. कानशिलाची शीर उडू लागली. त्याने मूठ वळली आणि सज्जाच्या दगडी खांबावर दाणकन हाणली. वसुमती किंचाळलीच. बोटांच्या सांध्यांवरची कातडी फाटली आणि रक्त आलं. लालभडक, ओघळून मनगटापर्यंत आलं, कोपरापर्यंत गेलं.

उदयसेन त्या रक्ताकडे बघत राहिला. राग कुठल्या कुठे गेला. लहान असताना अंगणात पडून गुडघा फुटला की तो जसा तिच्याकडे बघे, तसाच त्याने आत्ता बघितलं, आणि खाली फरशीवर बसला.

"अक्का, दुखतंय," तो म्हणाला.

वसुमतीने त्याचा हात आपल्या मांडीवर घेतला. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, त्या तिने पुसल्या नाहीत.

"दुखू दे," ती म्हणाली. "दुखू दे, बाळा."

खाली चौकात कुणी जी म्हणालं नाही.

मग खाणीवरचे लोक डोंगर चढून, आडवाटांनी परत येऊ लागले. सगळे आले नाहीत. गोदा वेशीवर रोज जाऊन उभी राही, तिला कुणी घरी चल म्हणालं तर नाही म्हणे, आणि एका दुपारी सटवाजी आला, पाठीतून वाकलेला, पण आला. राजाने आपली खाणीची आज्ञा मागे घेतली. ती मागे घ्यायलाही त्याने लोकांना विचारलं, आणि त्यावर संध्याकाळपर्यंत वाद झाला. तेव्हापासून तिथले दरबार लांबतात. तीन आज्ञांपैकी एखादी उभी राहते, बाकीच्या ढेकळं होऊन पडतात, आणि झाडूवाल्यांची फार कटकट असते. वारा अजूनही थांबत नाही, लोकही एका जागी स्वस्थ बसत नाहीत.

त्या राज्याला जसा त्याचा आवाज परत मिळाला, तसा ज्याचा ज्याचा हरवला असेल, त्याला त्याला मिळो.